किंगपिन निघत नाही? आधी ती कशाने धरली आहे ते शोधा

जुन्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग हळूहळू जड होत जातं. वळण घेतल्यावर पुढची चाकं आपसूक सरळ येत नाहीत. ग्रीस गनचा दांडा दाबला की ग्रीस निपलच्या, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाच्या, कडेने बाहेर येतं, आत काही जात नाही. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की किंगपिनवर, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिच्यावर, संशय घ्यावा. पण त्यानंतर बहुतेक ठिकाणी जे होतं ते बघवत नाही. वरचा बोल्ट सैल करतात, घण घेतात आणि पिनेच्या टोकावर मारत सुटतात. पिन जागची हलत नाही, टोक मात्र चपटं होऊन फुलतं. फुललेलं टोक वरच्या बुशातून, म्हणजे पिनेभोवतीच्या धातूच्या कवचातून, खाली उतरूच शकत नाही. म्हणजे निघण्यासारखी पिन आता कापावी लागणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की हातोडा उचलायच्या आधी पिन कशाने धरली आहे ते ठरवा. गंज, वाळलेलं ग्रीस, झिजेची पायरी, वाकलेली पिन किंवा न काढलेला एखादा बोल्ट, कारण यांपैकी कुठलंही असलं तरी वरून पाहणाऱ्याला पिन जामच दिसते. प्रत्येकाचा उपाय मात्र वेगळा आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर वापरला तर नुकसान होतं.

आतली रचना डोळ्यांसमोर आणा

बहुतेक जुन्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरांत पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक उभी नळी असते. नळीत वर एक आणि खाली एक असे दोन बुश असतात. चाकाचा हब ज्या आडव्या दांड्यावर फिरतो, त्या स्टब ॲक्सललाच किंगपिन जोडलेली असते. ती खालून वर नळीत जाते. खाली थ्रस्ट बेअरिंग असतं, त्यावर ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाचं वजन येतं. वर बाहेर आलेल्या टोकावर स्टिअरिंग आर्म बसतो, चावीवर (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) किंवा स्प्लाइनवर (उभ्या दातेरी खाचा), आणि एका आडव्या बोल्टने आवळलेला. म्हणजे पिन काढायची तर आर्म वर जाणार आणि पिन स्टब ॲक्सलसकट खाली उतरणार. काही मॉडेलांत पिन वेगळी असते आणि आडव्या कॉटरने (पाचरीसारख्या खिळ्याने) अडकवलेली असते. तुमच्या ट्रॅक्टरचं पार्ट्स कॅटलॉगमधलं चित्र मिळालं तर आधी तेच बघा. ज्याचं चित्र पाहिलेलं नाही त्यावर घण मारू नये.

दोष खरंच किंगपिनचा आहे का

मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. ॲक्सल आणि ट्रॅक्टरचा पुढचा सांगाडा यांच्या फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरा ठोका. ॲक्सल मधल्या पिनेवर झुलतो, त्यामुळे एका बाजूचा आधार काढला की सगळा ट्रॅक्टर त्या अंगाला कलतो. जॅकने उचलून लगेच पक्के स्टँड लावा. नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरखाली हातसुद्धा घालू नका.

आता आर्मला जोडलेल्या स्टिअरिंगच्या दांड्याची, म्हणजे टाय रॉडची, टोकं आर्मपासून सोडवा. त्यांचा टेपर, म्हणजे निमुळता भाग, गच्च बसलेला असतो. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. आर्मच्या ज्या गोल भागात टेपर बसला आहे त्याच्या एका अंगाला जड हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या अंगाला दुसऱ्या हातोड्याने ठणकन मारा. गोल भाग क्षणभर लंबवर्तुळाकार होतो आणि टेपर सुटतो. खालून आट्यांवर मारलं तर टाय रॉडचे आटे जातात, टेपर तिथेच राहतो. टाय रॉडची लांबी बदलायची असेल तर ध्यानात ठेवा, सहसा एका टोकाचे आटे उलटे असतात. उलट्या आट्यांना सुलट समजून पाइप लावून आवळणारे मी पाहिले आहेत, आणि मग तो नटही जाम.

टाय रॉड सुटला की प्रत्येक चाक हाताने डावी-उजवीकडे फिरवा. एक चाक हलकं आणि एक जड असेल तर जड बाजूची पिन धरली आहे. दोन्ही हलकी असतील तर दोष स्टिअरिंग बॉक्समध्ये किंवा मधल्या जोडणीत शोधा, किंगपिनला हात लावू नका.

हाताला काय सांगतं ते ऐका

ही तपासणी घाईत उरकू नका. पुढचं सगळं काम तिच्यावर ठरतं.

चाक फिरतं पण सगळीकडे सारखंच जड लागतं, सोडल्यावर किंचित मागे येतं, असं असेल तर आत बहुधा वाळलेलं ग्रीस आहे. वर्षानुवर्षांच्या ग्रीसमधलं तेल निघून जातं आणि मागे साबणासारखा घट्ट थर उरतो. त्यात धूळ मिसळली की ग्रीसची वाटच बुजते. अशा पिनेला घणाची गरज नसते. निपल काढा, वाट तारेने मोकळी करा, डिझेल किंवा रॉकेल सोडा आणि चाक फिरवत राहा. पुष्कळदा पिन हाताने खाली येते.

चाक बऱ्यापैकी हलकं फिरतं, आर्म निघाला आहे, पण पिन खाली मारली की थोडी सरकून एका ठरावीक जागी टक्क अडते. ही झिजेची पायरी. पिन बुशाच्या जागी झिजलेली असते आणि बुशाबाहेरचा भाग मूळ व्यासाचा राहतो. वर उघड्या राहिलेल्या भागावर गंजाचा किंवा रंगाचा कडा असला तरी असंच होतं. इथे तापवून काहीच उपयोग नाही. पिन पुन्हा वर ढकला, उघड्या टोकावरचा कडा कानशीने आणि पॉलिश पेपरने उतरवा, आर्मचा बोल्ट किंवा चावी घासून पडलेला बर्र (धातूची वर आलेली कड) काढा, मग खाली घ्या. चावीच्या खाचेच्या काठावरचा बारीक बर्र तर अनेकदा पूर्ण पिन अडवून धरतो.

चाक काही कोनात हलकं आणि एका कोनात जड लागत असेल तर पिन किंवा नळी वाकलेली असू शकते. पुढचं चाक कधी खड्ड्यात आदळलं आहे का, लोडर लावून काम झालं आहे का, हे विचारा. वाकलेली पिन सगळ्यात हलकी फिरते त्या कोनात ठेवूनच प्रेसने ढकलायची. ती परत वापरायची नसते, त्यामुळे तिच्यासाठी जीव पाखडू नका. नळी मात्र वाचवा.

आणि जी ना फिरते ना सरकते, तीच खरी गंजलेली पिन. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. पिन आणि बुश यांच्यात केसाएवढी फट असते. ती गंजाने भरली की दोन भाग एकमेकांत ठासले जातात.

पाचवं कारण मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण ते सगळ्यात सोपं असून सगळ्यात जास्त वेळा सुटतं. अनेक ट्रॅक्टरांत आर्म आवळणारा बोल्ट पिनेच्या अंगावर कोरलेल्या खाचेतून जातो. तो नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. नाहीतर तुम्ही त्या बोल्टलाच कापत असता. तसंच वर शिम (पातळ चकती) किंवा लॉक रिंग रंगाच्या आणि मातीच्या थराखाली लपलेली असते. तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत साफ केल्याशिवाय ती दिसत नाही.

आर्म आधी, पिन नंतर

बोल्ट पूर्ण काढल्यावर आर्मच्या फटीत बोथट छिन्नी किंवा पोलादी पाचर हलकेच बसवा. फट किंचित उघडली की पकड सुटते. फार ठोकू नका, आर्म फाटतो. फाटलेला स्टिअरिंग आर्म वेल्डिंग करून वापरायची वस्तू नाही, तो बदलायचाच. फट उघडून तेल आत सोडा आणि दोन पायांचा पुलर (ओढून काढायचं साधन) लावा. पुलर ताणलेला ठेवून आर्मच्या अंगावर हातोड्याचे टोले दिले की तो सहसा वर येतो. पुलरच्या रेषेत तोंड ठेवू नका.

गंजलेल्या पिनेला वेळ द्या

आत झिरपणारं तेल फटीत जाण्यासाठी वाट लागते. म्हणून आधी वरचं आणि खालचं तोंड साफ करा, सील उपटून टाका, निपल काढून ती वाट मोकळी करा. तिन्ही ठिकाणांहून तेल सोडा. बाजारातलं पेनिट्रेटिंग ऑइल चांगलं. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल समप्रमाणात हलवून केलेलं मिश्रणही चालतं, मात्र ते दर वेळी ढवळावं लागतं आणि रबराची सील व रंग खातं. ॲसिटोनची वाफ पाण्याच्या गोठणबिंदूच्या खालच्या तापमानालाही पेट घेते. ते वापरलंत तर त्या दिवशी गॅसची तोटी जवळ आणू नका.

तेल सोडल्यावर पिनेच्या टोकावर आणि नळीच्या अंगावर मध्यम हातोड्याने टकटक करत राहा. या टोल्यांनी पिन निघावी अशी अपेक्षा नाही. कंपनाने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल पुढे सरकतं. संध्याकाळी पुन्हा तेल, सकाळी पुन्हा टकटक. ज्यांना आजच्या आज ट्रॅक्टर हवा असतो त्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण रात्रभर भिजलेली पिन आणि तासाभराने ठोकलेली पिन यांत मोठा फरक असतो.

मग ओढण्याआधी फिरवा. सरळ ढकलताना संपूर्ण लांबीचा गंज एकदम तोडावा लागतो. फिरवताना तीच ताकद लांब दांड्याने वाढवता येते. चाक काढून हबच्या बोल्टांना एक मजबूत लोखंडी पट्टी अडकवा, तिला लांब पाइप लावा आणि स्टब ॲक्सल डावी-उजवीकडे रेटा. सुरुवातीला हालचाल डोळ्यांना दिसणारही नाही. फटीतून लालसर तेल बाहेर यायला लागलं की गंज सुटतोय असं समजा. एकाच दिशेने जोर काढू नका, मागे-पुढे करत कोन वाढवा आणि तेल चालू ठेवा. पूर्ण वळायला लागलेली पिन खाली आणणं हे किरकोळ काम आहे.

तापवायचं असेल तर

चाक टायरसकट उतरवून लांब ठेवा. रिमवर टायर असताना हब किंवा रिम तापवू नये. हवा सोडलेली असली तरी तापलेल्या रबराचा वायू आत साठून टायर फुटू शकतो, आणि त्यात माणसं गेलेली आहेत. वेल्डिंग करणार असाल तर बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायर सोडवा, आणि अर्थचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने जागा धुतली असेल तर ज्योत किंवा आर्क अजिबात नको, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. जस्ताचा थर असलेल्या बोल्टांचा धूरही छातीत घेऊ नका.

तापवायची ती बाहेरची नळी, पिन नाही. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. ३० मिमी व्यासाचं भोक पिनेपेक्षा १५० अंशांनी जास्त तापलं तर ते साधारण ०.०५ मिमी मोकळं होतं. आकडा लहान वाटतो, पण पिनेची मूळ फटच जवळपास तेवढी असते. म्हणून मोठी ज्योत घेऊन नळी सगळीकडून पटापट तापवा, पिन तापायच्या आत फिरवायला लागा. मंद ज्योतीने तास घालवला तर दोन्ही सारखेच तापतात आणि फायदा हातचा जातो.

किती तापलं हे रंगावरून कळतं. नळीचा एक पट्टा आधी घासून पांढरा करा. तिथे फिकट पिवळा रंग आला की सुमारे २२० अंश, निळा आला की सुमारे ३०० अंश. आपल्या कामाला एवढं पुरतं. लाल करू नका. पिनेचा पृष्ठभाग कडक केलेला असतो आणि निळ्यापलीकडे गेला की तो मऊ पडतो. सील आणि थ्रस्ट बेअरिंग या तापाने गेलंच असं समजून नवीन आणून ठेवा.

नळी बिडाची आहे की पोलादाची हे माहीत नसेल तर आडबाजूला ग्राइंडर हलकेच टेकवून ठिणग्या पाहा. पोलादाच्या ठिणग्या लांब, पिवळसर-पांढऱ्या, टोकाला फुटणाऱ्या. बिडाच्या आखूड आणि लालसर. बीड असेल तर सगळीकडून सावकाश तापवा आणि आपोआप निवू द्या. पाणी ओतलंत तर तडा गेलाच.

गरम जागेवर मेणबत्ती टेकवणं ही जुनी युक्ती मला मनापासून आवडते. मेण पातळ होऊन फटीत ओढलं जातं आणि वंगणासारखं काम करतं. मात्र जागा फार तापली असेल तर ते पेटतं, म्हणून ज्योत बाजूला करून थोडं निवल्यावरच लावा.

प्रेस, आणि प्रेस नसेल तर

अनेक ट्रॅक्टरांत ॲक्सलची टोकाची भुजा मधल्या भागाला बोल्टने जोडलेली असते. बोल्ट काढून ती अख्खी भुजा प्रेसखाली नेणं हा ट्रॅक्टरखाली आडवं पडून घण मारण्यापेक्षा शंभर पटींनी चांगला मार्ग. नळीला बरोबर तोंडाशी आधार द्या, पिनेपेक्षा थोडा बारीक पोलादी दांडा मधोमध ठेवा, दाब वाढवा आणि थांबा. दाब कायम ठेवून नळीवर टोले द्या. पिन सुटते तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो आणि ठोकळे उडू शकतात, म्हणून समोर उभं राहू नका आणि चष्मा घातलेला असू द्या.

प्रेस नसेल तर भुजेखाली भक्कम आधार द्या. वर आटे असतील तर जुना नट टोकाशी समतल बसवून मगच मारा. कडक हातोड्याने कडक पिनेवर थेट मारू नका, तुकडा उडून डोळ्यात जातो. मध्ये पितळेचा किंवा नरम पोलादाचा दांडा धरा. दहा हलक्या टोल्यांपेक्षा जड घणाचा एक सरळ टोला बरा, कारण टोक फुलतं ते पिन न हलवता पुन्हा पुन्हा बसणाऱ्या टोल्यांनीच.

मधेच आर्मचा बोल्ट तुटला तर घाबरू नका. तुटलेल्या तोंडावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा, लाल विझेपर्यंत थांबा आणि नट मागे-पुढे करत फिरवा. वेल्डिंगची उष्णता अर्धं काम करते. तुटलेला बोल्ट काढायचा बारीक एक्स्ट्रॅक्टर मी शक्यतो टाळतो. तो कडक आणि ठिसूळ असतो, आत तुटला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही.

पुन्हा जाम का होते

नवे बुश घालून हंगाम उलटतो न उलटतो तोच तीच पिन परत जाम, अशी तक्रार घेऊन आलेल्या ट्रॅक्टरांत मी आधी एकच गोष्ट बघतो: बुशाचं भोक निपलच्या वाटेसमोर आहे का. बुश ठोकताना थोडा वळला की ग्रीसची वाट बंद होते. बाहेरून गन लावली की दाब येतो, माणूस समजतो भरलं, आणि पिनेपर्यंत थेंबही पोचत नाही. म्हणून बुश बसवायच्या आधी नळीच्या तोंडावर भोकाच्या रेषेत खूण करा आणि बसवल्यावर निपलच्या भोकातून तार घालून ती आत पिनेच्या जागेत डोकावते का ते पाहा.

दुसरं, बुश नळीत दाबला की आतून थोडा आवळतो. त्याला रीमर फिरवून पिनेच्या मापाला आणावा लागतो, आणि वरचा-खालचा बुश एका रेषेत यावा म्हणून लांब रीमर दोन्हींतून एकदम जायला हवा. नवी पिन हाताने दाबून आत गेली पाहिजे. हातोड्याने घातलेली पिन पहिल्या दिवसापासून कोरडी घासते.

तिसरं म्हणजे वरचं सील. आर्मखालची रबरी रिंग बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत गायब असते. धुताना प्रेशरचं पाणी तिथूनच थेट पिनेवर उतरतं. नवी रिंग घाला, आर्म बसवताना पिन आणि आर्मच्या भोकाला अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, आणि ट्रॅक्टर धुतला की ग्रीस करायचंच असं ठरवून टाका.

ग्रीस करताना पुढचा ॲक्सल जॅकवर उचला. चाक जमिनीवर असताना वजनामुळे थ्रस्ट बेअरिंगची फट दाबलेली असते आणि ग्रीस मोकळ्या बाजूनेच पळतं. चाक हवेत ठेवून, दुसऱ्या माणसाला ते डावी-उजवीकडे फिरवायला सांगून, वरून आणि खालून दोन्हीकडे स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. एकाच तोंडाने बाहेर येत असेल तर दुसऱ्या बुशाची वाट अजून बुजलेली आहे. तेव्हा पुन्हा निपल काढा आणि तार घाला.